थर्मल फॅक्समध्ये अक्षर कसं उमटतं, आणि उमटेनासं झालं की काय करायचं

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे दिवाणजी सकाळी सकाळी फॅक्सचा कागद घेऊन माझ्या लक्ष्मीपुरीतल्या गाळ्यात आले. गुजरातच्या व्यापाऱ्यानं गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, मागणी पाठवली होती. एकाखाली एक आकडे होते : १५, २०, ४०, १८. दिवाणजी म्हणाले, "हा माणूस शंभराच्या आत कधी मागत नाही. मशीननं एक खाल्लाय बघा."

कागद उजेडाकडे धरला, तर वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ गेली होती. आकडे एका रांगेत असल्यानं प्रत्येक आकड्याचा पहिला १ नेमका त्या रेघेत गेला होता. मागणी ११५, १२०, १४० आणि ११८ रव्यांची होती. दिवाणजींना गिऱ्हाईक पाठ होतं म्हणून ते वाचले. नवा माणूस असता तर गाडी अर्धीही भरली नसती.

ही रेघ कुठून येते ते कळण्यासाठी अक्षर कसं उमटतं ते आधी कळायला हवं. थर्मल फॅक्समध्ये शाई नसते, टोनर नसतो, रिबनही नसते. काळा रंग कागदातच दडलेला असतो आणि यंत्र कागदाला ठरावीक जागी चटका देतं. म्हणून दुरुस्ती असो की जपणूक, मी नेहमी कागदापासून सुरुवात करतो. आज फॅक्स थोड्याच ठिकाणी उरलेत, पण दुकानातलं बिलाचं यंत्र, एटीएमची पावती, दवाखान्यातली ईसीजीची पट्टी याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू पडेल.

पहिली पायरी : कागद ओळखा

रोलचं टोक घ्या आणि नखानं जोरात रेघ ओढा. मग उलटून दुसऱ्या बाजूला ओढा. ज्या बाजूला करडी-काळी रेघ उमटते ती लेपाची बाजू. घासण्यातून निर्माण झालेली उष्णता आणि दाब तेवढ्यालाही पुरतात. ही बाजू हेडला, म्हणजे चटका देणाऱ्या पट्टीला, लागायला हवी. ती उलटी पडली तर यंत्र सगळे आवाज करतं, कागद व्यवस्थित बाहेर येतो आणि पूर्ण कोरा असतो. 'फॅक्स कोरा येतोय' म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी यंत्रांत एवढाच बिघाड होता.

या लेपात तीन गोष्टी बारीक कणांच्या रूपात शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. एक रंगद्रव्य, जे सध्या रंगहीन आहे. दुसरं आम्लधर्मी द्रव्य, जे त्या रंगद्रव्याला काळं करतं. तिसरा मेणासारखा लवकर वितळणारा पदार्थ, ज्यामुळे पहिल्या दोघांची गाठ लवकर पडते. कोरडी हळद आणि कोरडा चुना शेजारी ठेवले तर काही होत नाही, पण ओल लागली की लालभडक कुंकवाचा रंग येतो. इथे ओलीचं काम वितळणं करतं. साधारण ६०-७० अंश सेल्सिअसच्या पुढे कागद करडा व्हायला लागतो आणि आणखी तापला की पूर्ण काळा होतो.

या एका गोष्टीतून पुढच्या बऱ्याच गोष्टी सुटतात. स्पिरिटचा थेंब बहुतेक साध्या थर्मल कागदावर पडला की काळा डाग येतो, कारण स्पिरिट दोन्ही द्रव्यं विरघळवून एकत्र आणतं. उलट तेल किंवा मऊ प्लॅस्टिकमधली द्रव्यं या दोघांची झालेली जोडी मोडतात आणि उमटलेलं अक्षर पुन्हा रंगहीन होतं. फॅक्स 'उडतो' तो असा.

दुसरी पायरी : हेड समजून घ्या

झाकण उघडलं की कागदाच्या रुंदीएवढी एक चपटी पट्टी दिसते. तिच्यावर आडवी, जरा उंच, गुळगुळीत रेघ असते. सगळं छापणं त्या रेघेवर होतं. चिनी मातीसारख्या कठीण सिरॅमिक पट्टीवर काचेचा पातळ थर, त्यावर वीज गेली की तापणारे अगदी छोटे रोधक, आणि सगळ्यांत वर झीज सोसणारं कठीण आवरण, अशी तिची रचना असते. एका मिलिमीटरमध्ये ८ रोधक आणि रुंदी २१६ मिमी, म्हणजे १७२८ रोधक. प्रत्येक रोधक एक ठिपका छापतो. कोणताही ठिपका डावी-उजवीकडे हलत नाही, सरकतो तो कागद.

१७२८ रोधकांना १७२८ वायरी जोडणं शक्य नसतं. म्हणून हेडवरच छोट्या चिपा बसवलेल्या असतात. बऱ्याच हेडमध्ये एक चिप ६४ ठिपके सांभाळते, म्हणजे एकूण २७ चिपा. ओळीची माहिती एका वायरीवरून एकेक बिट करत या चिपांच्या साखळीत शिरते आणि पुढे सरकत जाते. १७२८ बिट भरले की 'लॅच'चा इशारा मिळून ते धरून ठेवले जातात. मग 'स्ट्रोब'चा इशारा येतो आणि ज्यांच्याकडे १ आहे त्या रोधकांतून वीज वाहते. हे जेमतेम मिलिसेकंदाच्या आसपासचं काम. तेवढ्यात पुढच्या ओळीचे बिट साखळीत शिरायला लागलेले असतात.

आता थोडं गणित. समजा पुरवठा २४ व्होल्टचा आणि एक रोधक २००० ओहमचा आहे. एका ठिपक्याला १२ मिलिअँपिअर लागतील. सगळे ठिपके एकदम पेटवले तर २० अँपिअरहून जास्त वीज लागेल. छोट्या यंत्राच्या पॉवर सप्लायला ती झेपत नाही. म्हणून ओळ एकदम न छापता समजा चार भागांत, एकापाठोपाठ एक अशी छापली जाते. प्रत्येक भागाला स्वतःची स्ट्रोबची वायर असते. एक ठिपका, एक चिप, एक स्ट्रोब, हे तीन आकार लक्षात ठेवा. पुढे पट्टी लावून दोष मोजताना हेच उपयोगी पडतात.

हेडच्या पाठीमागे तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो. हेड तापलं की यंत्र चटक्याचा वेळ कमी करतं. चांगल्या यंत्रांत एवढंही पाहिलं जातं की हा ठिपका आधीच्या ओळीत पेटला होता का. पेटला असेल तर त्याला कमी वेळ दिला जातो. ही व्यवस्था बिघडली तर अक्षरांना खालच्या बाजूला करडी शेपटी येते.

तिसरी पायरी : फोनमधला आवाज ठिपका होतो तो प्रवास

पाठवणारं यंत्र ११०० हर्ट्झचा 'बीप' देत राहतं आणि घेणारं यंत्र २१०० हर्ट्झचा लांब सूर लावतं. मग दोघं बोलून वेग ठरवतात. १९८० साली ठरलेल्या 'ग्रुप ३' या आंतरराष्ट्रीय मानकामुळे कोल्हापूरचं यंत्र कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही देशातल्या यंत्राशी बोलू शकलं. सेकंदाला ९६०० बिट हा बराच काळ नेहमीचा वेग होता, पुढे १४,४०० आला.

या बोलण्यात मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट अशी. घेणारं यंत्र पाठवणाऱ्याला सांगतं, 'मला एक ओळ छापायला किमान इतका वेळ लागतो.' हा वेळ ०, ५, १०, २० किंवा ४० मिलिसेकंद असू शकतो. म्हणजे हेड तापायला आणि कागद सरकायला लागणारा वेळ फोनवरच्या संभाषणात मोजला जातो. साध्या प्रतीत एका मिलिमीटरला ३.८५ ओळी, म्हणजे ए-फोर पानाला सुमारे ११४३ ओळी. २० मिलिसेकंद मागणारं यंत्र पान २३ सेकंदांच्या आत घेऊच शकत नाही, फोनची लाइन कितीही चांगली असो. 'फाइन' लावलं तर ओळी दुप्पट होतात, मिलिमीटरला ७.७.

माहिती येते तीही ठिपका ठिपका अशी येत नाही. 'इतके पांढरे, मग इतके काळे, मग इतके पांढरे' अशा लांब्या येतात आणि वारंवार येणाऱ्या लांबीला छोटा संकेत असतो. १७२८ ठिपक्यांची कोरी ओळ अवघ्या १७ बिटांत मावते. घेणारं यंत्र हे उलगडून पुन्हा १७२८ बिटांची ओळ तयार करतं आणि हेडकडे सरकवतं.

कागद ओढण्याचं काम रबरी रूळ करतो. तो स्प्रिंगच्या दाबानं कागद हेडवर दाबतो आणि स्टेपर मोटरवर एकेक पाऊल फिरतो. कागद नसताना यंत्र चालवू नका. तापलेल्या हेडवर नुसतं रबर घासणं दोघांनाही मारक असतं.

चौथी पायरी : दोष कुठला ते घरबसल्या शोधा

दिवाणजींच्या यंत्रावर मी जे केलं तेच सांगतो. आधी यंत्रालाच स्वतःचा अहवाल छापायला लावा. सेटिंगची यादी किंवा आलेल्या-गेलेल्या फॅक्सची यादी कोणत्याही यंत्रात निघते. हा अहवाल यंत्राच्या मेमरीतून थेट हेडकडे जातो. त्यात ना स्कॅनर येतो ना फोन. मग एक कागद घालून 'कॉपी'चं बटण दाबा. तिसरा कागद म्हणजे आलेला फॅक्स. हे तिन्ही शेजारी ठेवा.

अहवालातच दोष असेल तर हेड, रूळ किंवा कागद. अहवाल स्वच्छ पण कॉपीत दोष असेल तर स्कॅनर. अशा वेळी बहुतेकदा काचेच्या अरुंद पट्टीवर कणभर घाण किंवा व्हाइटनर असतं, आणि कागद त्यावरून सरकत असल्यानं त्या कणाची उभी काळी रेघ होते. अहवाल आणि कॉपी दोन्ही स्वच्छ, फक्त आलेला फॅक्स खराब असेल तर पाठवणाऱ्याचं यंत्र किंवा फोनची लाइन.

माझा साधा नियम असा : उभा दोष यंत्राचा, आडवा दोष लाइनचा. लाइनमध्ये खरखर झाली की संकेत तुटतो आणि ती ओळ आडवी फाटल्यासारखी दिसते. दोन्ही यंत्रांत 'ईसीएम' ही चूक-दुरुस्तीची सोय असेल तर ती चालू करा. बिघडलेला भाग पुन्हा मागवला जातो. नियमाला एक अपवाद आहे. आडवा पट्टा ठरावीक अंतरानं परत परत येत असेल तर रूळ पाहा. १६ मिमी जाडीचा रूळ एका फेऱ्यात सुमारे ५० मिमी कागद ओढतो. पट्टा दर ५० मिमीला येत असेल तर रुळावर खाच किंवा चिकट डाग आहे.

आता अहवालातल्या उभ्या पांढऱ्या रेघेवर पट्टी ठेवा. केसाएवढी बारीक असेल तर एक-दोन ठिपके, कारण एक ठिपका मिलिमीटरचा आठवा भाग असतो. हे घाणीमुळे असेल किंवा रोधक जळाल्यामुळे. बरोबर ८ मिमी रुंद कोरा पट्टा असेल तर ६४ ठिपक्यांची एक चिप गेली. काही हेडमध्ये चिपा मोठ्या असतात, तिथे पट्टा १२ किंवा १८ मिमीचा येतो. आणि सुमारे ५४ मिमी, म्हणजे पानाचा चौथा हिस्सा कोरा असेल तर एका स्ट्रोबची वायर किंवा कनेक्टर तपासा. चपटी केबल काढून नीट बसवल्यावर असे हेड जिवंत झालेले मी पाहिलेत. महाद्वार रोडवरच्या दुकानातल्या बिल यंत्रांनाही हेच माप चालतं. त्यांच्या अरुंद हेडमध्ये बहुधा ३८४ किंवा ५७६ ठिपके असतात आणि तेही मिलिमीटरला ८ याच हिशोबानं.

उभी करडी रेघ असेल तर वेगळी युक्ती. यंत्र बंद करा, झाकण उघडा आणि कागद हातानं त्याच वाटेनं ओढा. तरीही रेघ उमटली तर वाटेत कुठेतरी प्लॅस्टिकची कडा किंवा पिन कागदाला ओरखडतेय. नखाची रेघ आठवा.

सगळं पानच फिकट येत असेल तर हेडला हात लावण्याआधी नवा रोल घालून पाहा. मग स्प्रिंगचा दाब, मग रबर कडक झालंय का. पान एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट असेल तर एका टोकाची स्प्रिंग निसटलेली असते.

पाचवी पायरी : हेडची सफाई

यंत्र बंद करा. विजेची पिन काढा, फोनची वायरही काढा. हेड निवायला दहा-पंधरा मिनिटं द्या. धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, कारण हेडवरच्या चिपा तिला फार नाजूक असतात. कोल्हापूरच्या कोरड्या थंडीत, जानेवारी महिन्यात, ही काळजी विसरू नका.

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, जास्तीत जास्त शुद्ध. पुढे मी स्पिरिट म्हणतो ते हेच. इअरबड किंवा धागे न सुटणारं कापड त्यात ओलं करा, थेंब गळेल एवढं नको. हेडवरच्या त्या उंच रेघेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलक्या हातानं पुसा. दरवेळी स्वच्छ बड. हातावर चोळायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातली जेल मागे राहते. पेट्रोल आणि थिनर नको. ब्लेड, स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिश पेपर तर हेडजवळही आणू नका. वरचं आवरण फक्त काही मायक्रॉनचं असतं. एक ओरखडा आणि रोधक उघडा पडला. रूळ बोटानं फिरवत किंचित ओल्या कापडानं पुसा, त्यावर स्पिरिट वारंवार लावलं तर रबर कडक होतं. सगळं पूर्ण वाळल्यावरच वीज जोडा.

दिवाणजींच्या यंत्रावर मी दोनदा स्पिरिटनं पुसलं आणि रेघ जागची हलली नाही. हेड जळालं असं सांगायच्या बेतात होतो. तेवढ्यात भिंगातून पाहिलं तर रेघेवर तपकिरी, चकचकीत ठिपका होता. गूळ! दुकानातल्या कुणीतरी गुळाच्या हातानं रोल बदलला होता, आणि कागदाला लागलेला गूळ हेडवर वितळून करपला होता. साखर स्पिरिटमध्ये विरघळत नाही, पाण्यात विरघळते. शुद्ध पाण्यात बड बुडवून, दाबून पाणी काढलं आणि त्या एकाच जागी पाच-सहा वेळा अलगद टेकवलं. मग स्पिरिट फिरवलं, अर्धा तास वाळू दिलं आणि अहवाल काढला. रेघ गेली होती. तेव्हापासून घाण कशाची आहे हे ओळखल्याशिवाय मी पुसायला सुरुवात करत नाही. चिकटपट्टीचा डिंक असेल तर स्पिरिट, गोड काही असेल तर आधी पाणी.

नवा रोल घालताना पहिला एक वेढा फाडून टाका, कारण टोकाला चिकटवण्याचा डिंक असतो. कडेला रंगीत पट्टा दिसू लागला की रोल संपत आलाय, लांब फॅक्स येणार असेल तर आधीच बदला.

सफाईनंतरही रेघ राहिली तर रोधक गेला. हेड बदलायचं असेल तर हेडवर छापलेला ओहमचा आकडा जुन्याशी जुळतो का ते पाहा. नाहीतर छपाई फिकट येते किंवा नवं हेड लवकर जळतं. हेड मिळेपर्यंत पाठवणाऱ्याला एवढंच सांगा की कागद पाच मिलिमीटर बाजूला सरकवून घाला, म्हणजे आकडे रेघेतून सुटतील.

पावसाळा

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कागदही ओलावतो आणि हेडही. सकाळी शटर उघडल्यावर काचेवर बाष्प दिसलं तर यंत्र लगेच चालू करू नका. ओल्या हेडमधून वीज वाहिली की रोधकांना जोडणाऱ्या बारीक धातूच्या रेघा गंजून तुटतात. सुटे रोल मूळ वेष्टनात, जमिनीपासून उंच ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पाण्यात बुडालेली यंत्रं लोकांनी आशेनं प्लग लावून पाहिली. तसं करू नका. गाळाचं पाणी आतून स्वच्छ पाण्यानं धुवून, काही दिवस पूर्ण वाळवून, मगच जाणत्या माणसासमोर वीज द्यावी.

आलेला कागद कसा टिकवायचा

महत्त्वाचा फॅक्स आला की त्याच दिवशी झेरॉक्स काढा. वरच्या कडेची तारीख, वेळ आणि नंबराची ओळ झेरॉक्समध्ये आलीच पाहिजे, ती कापू नका. मूळ कागद कागदी पाकिटात, अंधारात, थंड जागी ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या खिशात घातलात तर अक्षरं उडतील. चिकटपट्टी लावलीत तर नेमकी तिच्याखालची उडतील. पत्र्याच्या शेडमधली फाइल किंवा मे महिन्यात गाडीच्या काचेखाली ठेवलेली पावती काळवंडते. लॅमिनेशन तर कधीच नको, तापलेल्या रुळांतून पूर्ण काळा कागद बाहेर येतो.

एक गोष्ट आरोग्याची. लेपातलं आम्लधर्मी द्रव्य म्हणून वर्षानुवर्षं बिस्फेनॉल-ए वापरलं गेलं. युरोपीय संघानं जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात त्यावर कडक मर्यादा घातली. दिवसभर पावत्या हाताळणाऱ्यांनी सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हातानं कागद धरू नये, जेवणाआधी साबणानं हात धुवावेत. हा कागद चुलीत घालू नका आणि रद्दीच्या गठ्ठ्यातही मिसळू नका, कारण पुनर्वापराच्या लगद्यात तेच द्रव्य उतरतं.

आणि कागद आधीच उडालेला असेल तर? इस्त्री फिरवून अक्षर परत आणायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. उरलेला लेपही काळा होईल. कागद रंगीत स्कॅन करा, जास्तीत जास्त बारीक. मग संगणकावर लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळे करून पाहा. फिकट पिवळट-तपकिरी खूण डोळ्यांना दिसत नाही, पण निळ्यात ती बऱ्याचदा गडद होऊन उठते. तिथे काळा-पांढरा फरक वाढवत न्या, आणि आकडे वाचता आले की लगेच साध्या कागदावर छापून घ्या.